सोमवारचा चव्वेचाळीस

१

टॅमरॅक कॉलेजची चोरी झाली ती नोव्हेंबरातल्या शनिवारी, भर दुपारी, चार हजार माणसांच्या डोळ्यांदेखत. चोरीला काय गेलं हे मात्र त्या क्षणी एकाच माणसाला कळलं, आणि तो होता कोच डेल क्रेमर.

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याची अडतीस सेकंदं उरली होती. लुंडहोम कॉलेज वीस, टॅमरॅक सोळा. जिंकणाऱ्याला मिळणारी तांब्याची किटली अकरा वर्षं लुंडहोमच्या कपाटात होती, आणि टॅमरॅक गावात अशी मुलं शाळेत जायला लागली होती ज्यांनी ती किटली जन्मात पाहिली नव्हती. क्रेमरनं टोपी उलटी फिरवली. ही चकव्याची खूण होती.

टॅमरॅकची अख्खी रांग चेंडूच्या उजवीकडे सरकली. चेंडूवर एकटा गॉर्डी नील्सन ओणवा राहिला. एरवी चेंडू मागे देणारा गडी रांगेच्या मधोमध असतो आणि त्याला झेल घ्यायची मुभा नसते. पण रांग सगळी एका अंगाला उभी केली की तो आपोआप टोकाला येतो, आणि टोकाच्या गड्याला झेल घेता येतो. अट एकच, त्याच्या पाठीवरचा नंबर पन्नास ते एकोणऐंशी यांमधला नको. म्हणजे ज्यानं चेंडू दिला तोच धावत पुढं जाऊन झेलणार, आणि समोरचे अकरा जण भलतीकडेच बघत राहणार.

पण ते भलतीकडे बघत नव्हते. लुंडहोमच्या एका धिप्पाड बचावपटूनं चेंडू हलायच्या आत गॉर्डीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी ओरडला. गॉर्डी धावला तसा तोही खांद्याला खांदा लावून धावला. चेंडू आला आणि त्यानं तो गॉर्डीच्या हातांवरून अलगद काढून घेतला.

क्रेमर मैदानाकडे पाठ करून वळला. बाकाच्या टोकाला तपकिरी टोपी घातलेला ऑर्विल हॉगेन बसला होता. त्याच्याकडे बघत क्रेमर म्हणाला, "आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय, ऑर्विल."

२

ऑर्विल हॉगेन एकोणसत्तर वर्षांचा. सव्वीस वर्षं त्यानं रेफरी म्हणून शिटी आणि पिवळा रुमाल घेऊन आयोवा राज्यातली मैदानं तुडवली होती. निवृत्त झाल्यावर टॅमरॅकनं त्याला आपला नियमांचा सल्लागार केलं. घरी फळीवर एकतीस वर्षांची नियमपुस्तकं ओळीनं लावलेली होती. बायबल मात्र एकच होतं, आणि ते बायकोचं, आर्डिसचं, असं गावात लोक म्हणत. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय तो पुढं जात नसे. एकसष्ट साली त्यानं एक चांगला झेल अवैध ठरवला होता. नंतर पुस्तकात पाहिलं तर चूक त्याचीच निघाली. त्या मुलाचं नाव तो अजून विसरला नव्हता.

हा चकवासुद्धा त्यानं नियमांत बसवून दिला होता आणि खात्री करून घेतली होती, नेहमीप्रमाणे दोनदा.

रविवारी चर्च सुटल्यावर डीन आयरीन बुर्मा पायऱ्यांवरच त्याला म्हणाल्या, "ऑर्विल, मंगळवारी चार वाजता शिस्त समिती बसवतेय. तोवर तुम्ही छडा लावा. तुमचा शब्द सगळे मानतील."

छडा लावायला फार लांब जावं लागेल असं दिसत नव्हतं. राखीव खेळाडू केनी व्होटावा, वय वीस. त्याचा थोरला भाऊ रॉन लुंडहोमकडून खेळत होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहाच्या फोनवरून केनीनं लुंडहोमला फोन लावला होता. तशी नोंद वहीत होती.

ऑर्विलनं त्याच दुपारी त्याला घरी बोलावलं. आर्डिसनं कॉफी आणि भोपळ्याच्या वड्या पुढं ठेवल्या. केनीनं वडीला हात लावला नाही.

"शुक्रवारी भावाशी काय बोललास?"

"आईच्या वाढदिवसाचं, मिस्टर हॉगेन. तिला आधी कुणी फोन करायचा ते ठरवत होतो."

"सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि तेही समोरच्या संघातल्या माणसाशी?"

"तो समोरच्या संघातला आहे हे खरंय, पण भाऊ आहे ना माझा! आणि आईनं सामना बघून जन्माला यायचं होतं काय?"

"तोंड सांभाळ."

"सॉरी." केनीची मान खाली गेली. "आईला विचारा. दोघांनी लागोपाठ फोन केलेत तिला. अत्ता करा फोन, मी नंबर देतो."

"आई मुलाच्या बाजूनंच बोलणार," ऑर्विल म्हणाला.

शिटी न वाजवता माणसाला जागच्या जागी गोठवायची कला त्याला अवगत होती. केनी गोठला. ऑर्विलनं त्याच संध्याकाळी क्रेमरला चिठ्ठी पाठवली: संशय बळकट आहे. सोमवारी सकाळी केनीचं कपाट रिकामं झालं होतं. त्याचे बूट कुणीतरी बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवले होते. समितीनं दोषी ठरवलं तर त्याचं नाव कॉलेजातून कमी होणार होतं, आणि वचनभंगाचा शेरा कागदावर कायमचा राहणार होता. त्याला शाळेत मास्तर व्हायचं होतं. असा शेरा असलेल्या माणसाला कुठली शाळा दारात उभी करते?

"पोरगं खोटं बोलतंय असं मला नाही वाटलं," आर्डिस सोमवारी दुपारी जेवणाच्या ताटल्या उचलताना म्हणाली.

"तुला वाटून काय उपयोग? पुरावा लागतो."

"बरं बाई. आणि तुझं ते गुरुवारचं पाकीट अजून तसंच पडलंय टेबलावर. एरवी जेवण सोडून फोडतोस."

"त्यात मला माहीत नाही असं काही नाही," ऑर्विल म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

३

तरीही एक कुसळ डोळ्यात सलत होतं. सामन्याआधीच्या सोमवारी, पहिल्या बैठकीत चौघेच होते: क्रेमर, त्याचा मदतनीस कोच लायल प्रेंटिस, गॉर्डी, आणि स्वतः ऑर्विल. क्रेमरनं दार लावून सगळ्यांकडून शब्द घेतला होता, या चौघांबाहेर अक्षर जाता कामा नये. बाकीच्या मुलांना चकवा कळला तो गुरुवारी, बंद मैदानावर, आणि तोही असाच शब्द घेऊन.

शनिवारी सामन्याआधी क्रेमरनं रेफरींनाही सांगितलं होतं. तो रिवाजच आहे. असा चकवा असेल तर आधी पंचांच्या कानावर घालायचा, नाहीतर लोकांबरोबर पंचही फसतात आणि भलतीच शिटी वाजते. पण ते खेळाला जेमतेम तास उरला असताना. एका तासात कुठला संघ नवा बचाव शिकतो?

लायल प्रेंटिस व्यायामशाळेच्या कोठीत जर्सींच्या घड्या घालत होता. ऑर्विलनं सरळच विचारलं, "मागच्या सोमवारी संध्याकाळी तू कुठं होतास? तुझी गाडी लुंडहोमच्या रस्त्यानं गेली. पेट्रोलवाला सांगतोय, गळ्यात टाय होता म्हणे."

लायलचा हात थांबला. मग त्यानं दार लोटून घेतलं.

"क्रेमरला सांगू नका. तिथं मदतनीसाची जागा निघालीय. मी भेटायला गेलो होतो."

"चकवा ठरला त्याच संध्याकाळी?"

"वेळ त्यांनी दिली होती, मी नाही!" लायल लाल झाला. "मिस्टर हॉगेन, मी नोकरी मागायला गेलो होतो, घर विकायला नाही."

"हे कशावरून खरं धरायचं?"

लायल उत्तर देणार तोच मागून कुणीतरी खोकलं. लोटलेलं दार ढकलून गॉर्डी नील्सन उभा होता, एवढं मोठं अंग चोरून.

"मिस्टर हॉगेन," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. शनिवारपासून सांगू की नको करतोय. तो लुंडहोमवाला माझ्याकडे बोट दाखवून काय ओरडला ते मी ऐकलंय."

४

"काय ओरडला?"

"'चव्वेचाळीस! चव्वेचाळीसला धरा!' असं दोनदा ओरडला. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. माझ्या पाठीवर एकोणपन्नास होता."

"तुझा नेहमीचा तर बासष्ट."

"हो, म्हणून तर बदलला ना! बासष्टवाल्याला झेल घेता येत नाही. सोमवारी तुम्हीच म्हणालात, याला चव्वेचाळीस द्या. पण मंगळवारी लायल कोचनी पाहिलं तर चव्वेचाळीस डिकीला दिलेला, किक मारणाऱ्या पोराला. म्हणून मला एकोणपन्नास दिला." गॉर्डीनं डोकं खाजवलं. "डिकी तर बाकावर शेंगदाणे खात बसला होता. चव्वेचाळीसला धरायचं म्हणजे त्याला धरायला हवं होतं."

लायल हसला. ऑर्विलला हसू आलं नाही. "गुरुवारी मुलांना शिकवलं तेव्हा कुठला नंबर सांगितला?"

"एकोणपन्नास," लायल म्हणाला. "चव्वेचाळीसचं नावही निघालं नाही. रेफरींनासुद्धा कोचनी एकोणपन्नासच सांगितला, मी शेजारी होतो."

म्हणजे केनी व्होटावाला चव्वेचाळीस हा आकडा ठाऊकच नव्हता. त्यानं भावाला फोडून सांगितलं असतं, तर तो बचावपटू एकोणपन्नास ओरडला असता. ऑर्विलला कचऱ्याच्या डब्यावरचे ते बूट आठवले.

"मग उरलो कोण?" लायल हळूच म्हणाला. "सोमवारचे चौघे. त्यांतला लुंडहोमला गेला एकटा मी." त्यानं घडी घातलेली जर्सी पुन्हा उलगडली. "समितीला सांगा हवं तर. तुमचं गणित माझ्यावरच येऊन थांबतंय."

५

पण गणित तिथं थांबत नव्हतं. ऑर्विल घरापर्यंतचा मैलभर रस्ता चालत आला आणि चालता चालता ते पुन्हा पुन्हा मांडत राहिला.

लायल फुटला असता तर सोमवारी चव्वेचाळीस सांगून आला असता, हे खरं. पण मंगळवारी नंबर बदलला तो लायलनंच, स्वतःच्या हातानं. फितूर माणूस आपला माल चोख ठेवतो. त्यानं बदललेला नंबरही कळवला असता, फोन तर कोठीतच होता. गॉर्डीचंही तेच, त्याच्या तर पाठीवरच एकोणपन्नास होता. क्रेमर स्वतःचं घर कशाला जाळेल?

चूक सोमवारी बाहेर पडली आणि शनिवारपर्यंत कुणी दुरुस्त केली नाही. माणूस दुरुस्त करतो. कागद करत नाही. म्हणजे फुटला होता तो कागद. असा कागद, जो सोमवारी लिहिला गेला, ज्याच्यावर चव्वेचाळीस होता, आणि मंगळवारनंतर ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

फाटकाची कडी काढताना त्याचा हात तसाच राहिला.

सोमवारी बैठक संपली आणि शब्द देऊन तो घरी आला. नियम त्याला पाठ होता. तरी एकसष्ट सालचा तो झेल डोळ्यांपुढं आला, आणि त्यानं विभागाच्या नियम-कार्यालयाला फोन लावला. कॉलेजचं नाव घेतलं नाही. प्रश्न तेवढा सांगितला, शब्द न् शब्द, आणि तिथल्या बाईंनी तो टाइप करून घेतला. गुप्त गोष्ट बाहेर सांगितली असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. नियम विचारणं म्हणजे काय फितुरी? मंगळवारी उत्तर आलं: वैध आहे. वर तिथले साहेब म्हणाले होते, "ऑर्विल, लाखातला प्रश्न विचारलास!" तो दिवसभर त्या वाक्यावर खूश होता.

आणि लाखातल्या प्रश्नांचं ते कार्यालय काय करत असे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आर्डिस दारात आली. "असा पांढराफटक का पडलायस?"

"ते पाकीट," ऑर्विल म्हणाला. "गुरुवारचं. दे."

६

असे निवडक प्रश्न छापलेलं कार्यालयाचं नियमपत्र दर बुधवारी टपालात पडे आणि गुरुवारी विभागातल्या नऊही कॉलेजांना मिळे. टॅमरॅकमध्ये क्रेमर ते न फोडताच ऑर्विलच्या खणात टाकी. नियम म्हणजे ऑर्विल, मग कोचनं कशाला डोकं शिणवायचं? आणि ऑर्विलनं या एकाच आठवड्यात ते फोडलं नव्हतं. त्यातला ताजा प्रश्न त्याचाच होता आणि उत्तर आधीच खिशात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मात्र या वळशात एका पोराला तो तुडवून आला होता.

पान दुसरं, प्रश्न तिसरा. 'अ संघाची रांग चेंडूच्या एकाच बाजूस उभी आहे. चेंडू देणारा अ-४४ हा रांगेच्या टोकाला असून पुढे धावत जाऊन झेल घेतो. निर्णय? वैध.' खाली तिरप्या अक्षरांत ओळ होती: 'या नेमक्या प्रश्नाबद्दल आमच्या एका अत्यंत दक्ष मित्राचे आभार.'

ऑर्विल खुर्चीत बसला. मग दोनदा खात्री करायची सवय म्हणून त्यानं लुंडहोमच्या कोच स्टॅन व्हिटलोला फोन लावला.

"चोरी?" व्हिटलो खो खो हसला. "अहो हॉगेन, घरपोच आलं! गुरुवारी नाश्त्याला वाचलं आणि पोरांना सांगून ठेवलं, रांग एका अंगाला गेली की चेंडूवरच्या गड्याला सोडायचं नाही, चव्वेचाळीस असेल बहुतेक. इतका काटेकोर प्रश्न विचारणारा माणूस या विभागात एकच आहे. मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल." मग तो थांबला. "हॉगेन? ऐकताय ना?"

"व्होटावा," ऑर्विल कसंबसं म्हणाला. "तुमच्या रॉननं काही…"

"रॉन? त्यानं तर शुक्रवारी माझ्याकडे सुट्टी मागितली, आईला केक न्यायला. दिली नाही मी. का?"

ऑर्विलनं फोन ठेवला. आर्डिस बघत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय! कुणाला कळणार नाही असं करता येईल. संशय सिद्ध होत नाही एवढं लिहून दिलं की पोरगा सुटतो."

"सुटतो?" आर्डिसनं नुसतं विचारलं.

ऑर्विलनं मान हलवली. सुटत नव्हता. सिद्ध न झालेला संशय माणसाच्या मागे जन्मभर येतो. हा विचार आपल्याला सुचला तरी कसा, याचीच त्याला लाज वाटली. त्यानं पाकीट कोटाच्या खिशात घातलं.

७

मंगळवारी चार वाजता डीनबाईंच्या खोलीत ऑर्विलशिवाय सहा जण होते: डीनबाई धरून समितीचे तिघे, क्रेमर, केनी, आणि केनीचा बाप एमिल व्होटावा. एमिलनं कामाच्या कपड्यांवर रविवारचा कोट चढवला होता आणि टोपी गुडघ्यावर धरली होती. मुलाचं सामान न्यायला लागलं तर म्हणून तो पिकअप घेऊन आला होता.

ऑर्विल उभा राहिला. पहिल्यांदा त्यानं चव्वेचाळीस आणि एकोणपन्नासचं सगळं गणित मांडलं. केनी का असू शकत नाही, बाकीचे का असू शकत नाहीत, आणि फुटला तो कागद का. मग नियमपत्र उघडून तिसरा प्रश्न वाचला, आभाराच्या ओळीसकट.

"हा दक्ष मित्र मी," तो म्हणाला. "शब्द मी मोडला. आणि तो मोडलाय हे मला कळायच्या आधीच दोष या मुलावर ढकलला. संशय बळकट आहे असं मी लिहिलं. त्याचा खेळ गेला, कपाट गेलं, दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. हे सगळं माझ्या सहीनं झालं. मी आजपासून सल्लागार नाही. पण माझ्या जाण्यानं याची भरपाई होत नाही, हेही मला कळतं."

क्रेमरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नियमपत्र आधी माझ्याच हातात आलं होतं, ऑर्विल," तो हातांआडून म्हणाला. "मी वाचत नाही."

डीनबाई केनीकडे वळल्या. "केनी, हे प्रकरण इथंच संपलं. कॉलेज तुझी लेखी माफी मागेल. तुला काही बोलायचंय?"

केनी ऑर्विलकडे वळला.

"मिस्टर हॉगेन, तो डाव नियमात बसत होता?"

"हो."

"हे तुम्हाला सोमवारी माहीत होतं?"

"पाठ होतं."

"मग विचारलंत कशाला?"

एकसष्ट सालचा झेल या पोराला सांगून काय उपयोग होता?

"भीती वाटली," तो म्हणाला. "आपण चुकू अशी. म्हणून जे पाठ होतं ते पुन्हा विचारून घेतलं. आणि तू मला आईला फोन करायला सांगितलंस, तर तेवढं मात्र केलं नाही. नियम मी दोनदा तपासला, केनी. तुला एकदाही नाही."

मग केनीनं हात लांब करून ते रिकामं पाकीट ओढलं, डीनबाईंचं पेन घेतलं आणि पाठीमागे एक नंबर लिहिला.

"परवापासून आई रडतेय," तो म्हणाला आणि पाकीट ऑर्विलपुढं सरकवलं. "आम्ही दोघांनीही सांगितलं, पण तिला वाटतं तिचे मुलगे तिच्या वाढदिवसामुळं बदनाम झाले."

एमिल व्होटावानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाचला ती गाईंकडे जाते," तो सावकाश म्हणाला. "त्याआधी लावा."

पाचला वीस मिनिटं होती. ऑर्विलनं डीनबाईंच्या टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि पाकिटावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत नंबर फिरवला. तिसऱ्या घंटेला पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला, "हॅलो?"

"मिसेस व्होटावा," तो म्हणाला, "मी ऑर्विल हॉगेन बोलतोय. रविवारीच फोन करायला हवा होता."